नागपूर पासिंग, जंग नाही

जुनी गाडी पाहायला जाताना माझ्या शर्टाच्या खिशात एक लोहचुंबक असायचं. फ्रिजच्या दारावर चिकटवतात तसलं, आंब्याच्या आकाराचं, पिवळं. ते गाडीच्या पत्र्यावरून हळूहळू फिरवत न्यायचं. जिथे ते पकड सोडतं आणि घसरून हातात येतं, तिथे वर पत्रा नाही, पुट्टी आहे. म्हणजे कधीतरी पत्रा सडला, त्यावर लेप देऊन रंग मारला. युक्ती काही फार मोठी नाही. पण आमच्या वस्तीत चुंबक खिशात घेऊन गाडी पाहायला जाणारा मी एकटाच होतो, आणि मला ते आवडायचं.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील इतवारीत हातगाडी ओढायचे, धान्याची पोती या दुकानातून त्या दुकानात. मी बी.एस्सी. झालो, केमिस्ट्री घेऊन, आणि पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत लागलो. हे मी लपवत नाही, उलट दोनदा सांगतो. शिकलेल्या माणसाकडे आमची वस्ती सगळंच घेऊन येते. डॉक्टरची चिठ्ठी, पोराची ॲडमिशन, लग्नपत्रिकेतला मजकूर. तशाच मग गाड्या येऊ लागल्या. मी स्वतःसाठी एक जुनी गाडी घेतली, ती चांगली निघाली, आणि तेवढ्या भांडवलावर मी जाणकार झालो.

विकणाऱ्यांची भाषा मला पाठ झाली होती. ‘कंपनीचाच पत्रा आहे’ असं कुणी न विचारता सांगितलं, की तो कुठेतरी बदललेला असतो. ‘जंग वरच्यावरचा आहे, घासला की जाते’ हे खरंही असतं आणि खोटंही. नाण्याची कड घासून पाहायची, खाली चकचकीत लोखंड दिसलं तर खरं, नाण्याची कड आत रुतली तर खोटं. जुन्या गाडीच्या पोटाला ताजा काळा लेप मारलेला असेल तर तो कशासाठी मारला, हे विचारायचं. दाराच्या खालच्या कडेला रंगाखाली फोड आले असतील तर बोटाने दाबायचे. आणि खालची मॅट उचलायची. मॅट उचलल्याशिवाय गाडी पाहिली असं म्हणायचं नाही. हे सगळं मी लोकांना समजावून सांगायचो. शेवटी माझा ठरलेला नियम सांगायचो, की सगळ्यात आधी पासिंग पाहा. गाडी समुद्राकाठच्या जिल्ह्यात पास झालेली असेल तर सोडून द्या. हवेत मीठ, हवेत पाणी, पत्रा आतून जातो. आपल्याकडे हवा कोरडी. नागपूर पासिंग गाडीचं इंजिन जाईल, सीट फाटेल, पण पत्रा राहील. लोक माना डोलवायचे.

माझी मोठी बहीण हिंगण्याच्या एमआयडीसीत जेवण विकते. कंपन्यांची जेवणाची सुट्टी झाली की गेटबाहेर झाडाखाली तिची गिऱ्हाइकं जमायची. पोळी, भाजी, भात आणि आंबट वरण. चिंच घातलेलं, लसणाच्या फोडणीचं ते वरण आमच्या आईच्या हातचं, आणि आता फक्त ताईला जमतं. कामगार खरं तर त्या वरणासाठीच यायचे. भाजी कोणती हे कुणी विचारत नसे. भाऊजी एका कंपनीत शिफ्टला. सगळी भांडी ऑटोने न्यायची-आणायची, ऑटोवाल्याच्या मर्जीवर. मग ताईने ठरवलं की आपली व्हॅन घ्यायची. जुनी, पण स्वतःची. आणि ती चालवायची आपणच.

केस पांढरे व्हायला लागल्यावर बाई ड्रायव्हिंग शिकायला गेली. वस्तीत हसू झालं. भाऊजी म्हणायचे, “हिले स्टेअरिंग देऊन राहिले, आता रस्त्यावरच्यांनी घरीच राहावं.” ती लायसन्स घेऊन आली आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं, वाटीसारखं. 

मला म्हणाली, “तू पाह्यशीन तेच घेऊ. मले त्यातलं काही समजत नाही. तू शिकलेला आहे ना.”

तिला शाळा सोडावी लागली होती आणि मी शिकलो, यावर आमच्या घरात कधी बोलणं होत नाही. तिनेही तेव्हा ते त्या अर्थाने म्हटलं नव्हतं. मीच दरवेळी तो अर्थ काढतो.

पहिली व्हॅन पाहिली ती रत्नागिरी पासिंगची. बदली होऊन इकडे आलेला आणि आता निवृत्त होऊन इथेच राहिलेला एक माणूस होता. स्वच्छ, कोकणी वळणाचं बोलणं. आम्ही गेलो तेव्हा त्याने व्हॅन आधीच सावलीत उभी करून ठेवली होती आणि शेजारी एक सतरंजी अंथरली होती.

“मागच्या चाकांच्या वर दोन्हीकडे गंज आला होता,” तो आपणहून म्हणाला. “कापून नवीन पत्रा घातलाय. डाव्या दाराखाली अजून थोडा आहे, तो काढलेला नाही. तुम्ही खाली शिरून बघा. त्यासाठीच सतरंजी टाकलीय.”

मी चुंबक खिशातून काढलंसुद्धा नाही. उभ्यानेच म्हणालो, “समुद्राकाठची गाडी आहे. दिसला तो गंज तुम्ही कापला. दिसत नाही त्याचं काय?”

“म्हणून तर म्हणतोय, बघा.”

“बघायची गरज नाही. मी केमिस्ट आहे. मीठ एकदा पत्र्याच्या सांध्यात मुरलं की मुरलं.” एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण ताई ऐकत होती, भाऊजी ऐकत होते, शेजारच्या गॅलरीतून कुणीतरी वाकून पाहत होतं. मी त्या माणसाला मीठ, पाणी आणि लोखंड यांचं काय होतं ते त्याच्या अंगणात उभं राहून शिकवलं. तो ऐकून घेत होता. मग वाकून त्याने सतरंजीची घडी घातली.

परत येताना ताई म्हणाली, “माणूस खरं बोलते वाटते गा.”

“खरं बोलला म्हणूनच तर कळलं, जंग आहे म्हणून.”

भाऊजी खो-खो हसले. मलाही माझं वाक्य आवडलं. ते वाक्य मला आता नको तेव्हा आठवतं. दात घासताना, सिग्नलला थांबल्यावर.

दुसरी व्हॅन नागपूर पासिंगची. मालकाचा पूर्वी मंडप-डेकोरेशनचा धंदा होता, तो बंद झाला, गाडी घराशेजारच्या बोळीत उभी होती. एप्रिलचा शेवट, दुपारची वेळ. त्या दुपारी आम्ही तिघं घामाने निथळत पोचलो. मालक मोकळा माणूस.

“या सर, या! ताई, इकडे सावलीत या. नागपूर पासिंग आहे सर, जंगचं नाव नाही. अहो, इथे माणसाच्या अंगातलं पाणी सुकून जाते, पत्र्याले जंग कुठून येईन?”

मीच रोज सांगत होतो ते तो मला सांगत होता. आपलंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की ते किती खरं वाटतं!

बोळीत व्हॅन घराच्या भिंतीला लागून होती. टपाच्या वर खिडकी, आणि खिडकीत लोखंडी स्टँडवर मोठा कूलर बसवलेला. तो चालू होता. खसची ओली ताटी, तो थंड वास, आणि खिडकीच्या फटीतून बाहेर येणारी जरा गार हवा. आम्ही सगळे आपोआप तिथेच उभे राहिलो, व्हॅनला टेकून. मालकाने आतून पाणी आणलं. मी चुंबक फिरवलं. दारांवर, चाकांवरच्या कमानींवर, सगळीकडे चिकटलं. दाराच्या खालच्या कडा दाबल्या, घट्ट. मागची मॅट जाड रबराची होती, कडेने चिकटवलेली.

“मॅट उचलायची होती,” मी म्हणालो.

“उचला ना सर! पण डेकोरेशनच्या सामानासाठी एकदम पक्की बसवून घेतली, फाटून जाईन. तुम्ही सायन्सवाले, तुमाले काय सांगू. फारशी चाललीच नाही गाडी. उन्हाळेच्या उन्हाळे इथीच उभी आहे.”

तेवढ्यात माझ्या मानेवर वरून एक थेंब पडला. गार. मी कॉलर सरकवली, वर पाहिलं. कूलरच्या टाकीच्या कोपऱ्यातून पाणी गळत होतं, व्हॅनच्या टपावर, आणि टपावरून मागच्या काचेकडे वाहून जात होतं. भिंतीवर पांढरे ओघळ उतरले होते, बोअरच्या पाण्याचे. मी ते ओघळ रोज पाहतो. प्रयोगशाळेत माझं कामच ते आहे, बोअरच्या पाण्यात किती क्षार, ते मोजायचं. मी वर पाहिलं आणि मनात म्हणालो, बरं वाटलं. आणि पुन्हा त्या थेंबाखाली मान नेली.

“घेऊन टाक,” मी ताईला म्हणालो.

तिने त्याच आठवड्यात घेतली. मागची सीट काढली, लोखंडी स्टँड बसवला, वरण-भाताची भगुनी ठेवायला कप्पे केले. समोरच्या काचेला आतून एक छोटी बुद्धमूर्ती चिकटवली. वस्तीतून हॉर्न वाजवत निघायची तेव्हा बाया दारात येऊन उभ्या राहायच्या. संध्याकाळी परतली की पाइप घेऊन व्हॅन आतून-बाहेरून धुवायची. भाऊजी म्हणायचे, “एवढी तर मले कधी नाही धुतली.” आणि कुणी गाडीचं कौतुक केलं की ती मान उंच करून म्हणायची, “माह्या भावाने पाहून दिली.”

दिवाळीच्या आधी तिचा फोन आला. “अगा, गाडीचा तळच गेला ना.”

मी ऑफिसातून निघालो ते थेट हिंगण्याला. कंपनीच्या गेटसमोर झाडाखाली व्हॅन उभी होती आणि भोवती पंधरा-वीस कामगार. स्टँडचा एक पाय तळातून आरपार गेला होता. वरणाचं भगुनं कलंडलं होतं, सगळं आंबट वरण भोकातून खाली रस्त्यावर आलं होतं, आणि दोन कुत्री ते चाटत होती. नशीब, ताईच्या अंगावर आलं नव्हतं. एक पोरगा भोकात वाकून ओरडत होता, “काकू, खाली रस्ता दिसून राहिला!” दुसरा म्हणाला, “आता ब्रेक नाही लागले तर पाय टेकवा, काकू.” ताईही हसत होती, पदराने तोंड पुसत.

मी मॅटची कड धरली आणि ओढली. या वेळी ओढली. ती फाटली, सहज. खाली पत्रा नव्हताच म्हणा. पापडाचे थर असावेत तसे तपकिरी थर होते, बोटाने उचलावेत असे, आणि त्या थरांच्या मधूनमधून पांढरं. खडूसारखं, कडक. मी ते नखाने खरवडलं. जिभेवर ठेवून पाहायची गरज नव्हती. हे रोज माझ्या टेबलावर असतं. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं मॅटखाली साचलं, सुकलं, पुन्हा साचलं, की असं होतं. मागच्या काचेचं रबर कडक होऊन आक्रसलं होतं, त्याखालून एक पांढरी रेघ सरळ मॅटखाली उतरली होती. माझ्या मानेवर गार थेंब पडला. खरंच पडला असं वाटलं.

तेवढ्यात भाऊजी मागून म्हणाले, “म्हणत होतो ना, रोजरोज पाणी नको मारू म्हणून. सडवली ना गाडी.”

आणि ताई, सगळ्यांसमोर, “हो ना. माह्या भावाने तर ठणठणीत पाहून दिली होती. म्याच धुऊन-धुऊन घालवली. आन वरणही सांडते रोज, त्यात चिंच. चिंचेनं पितळ निघते घासून, पत्रा काय राहीन?”

सगळ्यांनी माना हलवल्या. एक जण मला म्हणाला, “बरोबर ना सर? ॲसिड असते चिंचेत.”

माझ्या नखात ती पांढरी पूड होती. मी म्हणालो, “असते.”

चिंचेत ॲसिड असतंच. मी खोटं बोललो नाही. एवढीच पळवाट मला होती, आणि मी तिच्यातून गेलो.

तळाला नवा पत्रा वेल्डिंग करून घेतला. वेल्डिंगवाला म्हणाला, सांधे कमजोर आहेत, जास्त वजन टाकू नका. आणि त्या दिवसापासून ताईने आंबट वरण बंद केलं. साधं वरण, चिंच नाही, तेही अर्धं भगुनं, घट्ट झाकण लावून, खाली गोणपाट. गाडी धुणं बंद. आता ती सुक्या फडक्याने पुसायची, आणि फडकं ओलं आहे का ते हाताने पाहायची. कामगार म्हणायचे, “काकू, वरणाले काय झालं? दवाखान्यात आहे का?” ती म्हणायची, “गाडीले पचत नाही बाप्पा.” पहिले काही दिवस हसून सांगायची. मग हसणं कमी झालं. पलीकडच्या गेटवर एकाने छोले-भात सुरू केला आणि तिची माणसं तिकडे जाऊ लागली. मला हे भाऊजींकडून कळायचं. ते असंही सांगायचे की ती आता व्हॅन चालवताना खड्डा दिसला की थांबते, उतरते, मागे जाऊन तळ पाहते. ज्या बाईने वस्तीच्या हसण्याला भीक घातली नव्हती, ती स्वतःच्या वरणाला भिऊ लागली होती.

विहारात पौर्णिमेला बाया जमल्या तेव्हा तिथेही तिने तेच सांगितलं. गाडी आपणच घालवली, भावाचा काही दोष नाही, भावाने तर किती बारकाईने पाहिली होती, चुंबक लावून. मी मागे सतरंजीवर बसलो होतो. बायांनी वळून माझ्याकडे पाहिलं, मानाने. मी पंचशील म्हणताना त्यातल्या चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलाला ओठ हलवले, आवाज काढला नाही.

त्याच सुमारास ती रत्नागिरी पासिंगची व्हॅन मला दिसू लागली. सकाळी ऑफिसला जाताना सिग्नलवर. कुणीतरी घेतली होती, पिवळी पट्टी मारून शाळेच्या मुलांसाठी लावली होती. खिडक्यांतून दप्तरं बाहेर आलेली, डाव्या दाराच्या खाली तपकिरी रेघ. तेवढीच, जेवढी त्या माणसाने सांगितली होती. मी रस्ता बदलला. दुसऱ्या रस्त्यावर सिग्नल जास्त आहेत, पण मी तोच धरला.

सांगायचं असं रोज ठरवायचो. फोन हातात घ्यायचो आणि तिला विचारायचो, “जेवली का वं?” ती म्हणायची, “हो. तू?” झालं.

मग एका रविवारी सकाळी ती घरी आली. पदराखालून पाण्याची एक बाटली काढली, तिच्यावरचा कागद खरवडून टाकलेला. आत वरण होतं. वर पिवळं पाणी, खाली डाळ बसलेली.

“हे घे,” ती म्हणाली. “तुह्या लॅबमध्ये तपासून पाह्य. जुन्या पद्धतीनं केलं, चिंच टाकून. किती ॲसिड आहे ते सांग. जास्त असंन तर अर्धी चिंच करते. नाहीतर आमसूल टाकून पाह्यते. लोखंडाले चालंन इतकंच आंबट ठेवते. पण फिकं वरण नाही देऊ शकत गा मी. आईचं वरण आहे ते. काल एकानं वरण तसंच ठेवून ताटात हात धुतला.”

मी बाटली हातात घेतली. कोमट होती. सकाळीच केलं होतं तिने, खास तपासायला. फोडणीसकट. नमुना म्हणून आणतानाही तिने लसूण कमी टाकला नव्हता.

“ताई, याची तपासणी नाही करायची.”

“काहून? सायबाले विचारा लागते का?”

“वरणानं नाही सडली गाडी.”

मग मी सांगितलं. कूलर, थेंब, ओघळ, मॅट. नखातली पांढरी पूड. गाडी आपल्याकडे आली तेव्हाच तळ गेलेला होता, हे मला हिंगण्याला उभ्या-उभ्या कळलं होतं, हेही. मी वाक्यं आधी पुष्कळदा जुळवली होती, पण ती त्या क्रमाने आली नाहीत. कूलर शेवटी सांगायचा होता, तो आधीच निघून गेला.  मी थांबल्यावर तिने माझ्या हातातून बाटली घेतली, झाकण नीट घट्ट केलं.

“म्हणजे वरणाचा काही दोष नाही.”

“नाही.”

“आन धुण्याचा?”

“पाच-सहा महिने धुतल्यानं काही होत नाही वं.”

तिने श्वास सोडला. एक क्षण मला वाटलं, संपलं, सुटलो. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

“गाडी पाह्यताना चुकला, ते जाऊ दे. मीही होती तिथी. मलेही गार वाटत होतं. पण त्या दिवशी, सारे उभे होते, म्या म्हटलं माह्यानं झालं. तू काहून नाही बोलला गा?”

“बोलायले पाहिजे होतं.”

“ते मले माहीत आहे. काहून नाही बोलला ते विचारून राहिली.”

मी काय सांगणार होतो? की लोक मला सर म्हणत होते?  ती उठली.

“म्या माह्या हातानं आईचं वरण बंद केलं,” दारात चपला घालताना ती म्हणाली. “आन तू रोज फोनवर विचारत होता, जेवली का वं म्हणून.”

बाटली ती घेऊन गेली.

त्यानंतर बरेच दिवस तिने फोन घेतला नाही. पण तिने सगळ्यांना सांगितलं. जितक्या मोठ्या आवाजात आपली चूक सांगत होती तितक्याच मोठ्या आवाजात. विहारातल्या बाया आता माझ्याकडे वळून पाहत नाहीत. पाहिलं तर हसतात. वस्तीत एक जण जुनी मोटारसायकल घेत होता, मला पाहून म्हणाला, “सर, पाहून देता का? कूलर काढून ठेवला आहे.” भाऊजींनी साळेसाहेब म्हणणं सोडलं आणि ‘कूलरसाहेब’ धरलं. मी हे ऐकून घेतो. यात त्या कोकणी माणसाचा हिशेब मात्र येत नाही. एकदा त्याच्या घरावरून गेलो. अंगणात सतरंजी वाळत घातली होती. ती तीच होती की दुसरी, कळलं नाही. मी फाटकापर्यंत गेलो. त्याला काय सांगणार होतो, तुमची गाडी चांगली निघाली म्हणून? ते त्याला तेव्हाच माहीत होतं. तरी जायला हवं होतं आत. अजून गेलेलो नाही.

हिंगण्याला आंबट वरण पुन्हा सुरू झालं. छोले-भातवाल्याकडून माणसं परत आली, सगळी नाही, पण आली. व्हॅनचे सांधे मात्र पुन्हा उकलू लागले आणि ताईने ती भंगारात काढायचं ठरवलं. तेव्हा तिचा फोन आला.

“उमरेड रोडले एक गाडी आहे. उद्या पाह्यले जाऊन राहिली. तू येजो.”

मी काहीतरी म्हणायला लागलो.

“बोलू नको. तिथीही बोलू नको. तुह्याकडे तो मोठा टॉर्च आहे ना, तो आणजो.”

मी गेलो. चुंबक घरी ठेवलं, फ्रिजच्या दाराला. मालक घराबाहेर उभा होता, व्हॅन समोर अंगणात. ताई व्हॅनकडे गेलीच नाही. घराला वळसा घालून मागे गेली, एकेक खिडकी पाहत परत आली.

“कूलर कोठी लावता हो तुम्ही?”

माणूस गोंधळला. “कूलर? मागच्या खोलीले. काहून?”

“आन गाडी इथीच राहते?”

“इथीच. बाई, गाडी घ्यायची आहे का कूलर?”

“मॅट काढा.”

“चिकटवली आहे, फाटंन.”

“फाटू द्या. नवी टाकीन म्या. पाना आणा एक.”

तिने पदर खोचला, गुडघे टेकून डोकं आत घातलं. मी मागच्या दाराशी उभा राहून टॉर्च धरला. एका सांध्यापाशी लालसर रेघ होती, केसाएवढी. तिने पान्याच्या टोकाने खरवडली. मग तिने, कारण नसताना, चाकावरही पाना वाजवून पाहिला, टरबूज पाहतात तसा.

मालकाने माझ्याकडे पाहिलं. माझा इस्त्रीचा शर्ट, चष्मा. “साहेब, तुम्हीच समजावून सांगा ना बाईले. वरच्यावरचा आहे ना हा जंग?”

खरवडलेल्या जागी लोखंड चमकत होतं. ते मला इथूनही दिसत होतं. उत्तर माझ्या तोंडात तयार होतं, आणि बरोबरही होतं.

“त्याले नका विचारू,” ताई आतून म्हणाली. “त्याले उजेड धराले आणलं आहे.” आणि मग, आवाज जरा खाली आणून, “हलवू नको गा. डाव्या कोपऱ्यात धर. मागच्या काचेखाली.”

मी टॉर्च डाव्या कोपऱ्यात नेला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला.